सहकारी गृहनिर्माण संस्थांमधील आर्थिक देखरेख आणि उत्तरदायित्व

सहकारी गृहनिर्माण संस्थांमधील आर्थिक देखरेख म्हणजे सभासदांकडून जमा झालेल्या पैशाचा हिशोब ठेवणे, त्याची तपासणी करून घेणे, तो अधिमंडळापुढे मांडणे आणि गैरव्यवहार झाल्यास जबाबदारी निश्चित करणे यांसाठी असलेली व्यवस्था होय. बोलीभाषेत 'सोसायटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थांना महाराष्ट्रात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, त्याखालील १९६१ चे नियम आणि प्रत्येक संस्थेने स्वीकारलेले उपविधी लागू असतात. राज्यात अशा एक लाखाहून अधिक संस्था नोंदलेल्या आहेत. त्यांच्यावर देखरेख ठेवणारे सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य यांचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे.

गृहनिर्माण संस्था नफ्यासाठी चालत नाही. तिच्या व्यवस्थापक समितीचे सदस्य सामान्यतः विनावेतन काम करणारे रहिवासीच असतात. मात्र त्यांच्या हाती असलेला पैसा शेजाऱ्यांचा असतो आणि इमारतीची दीर्घकालीन सुरक्षितता त्याच पैशावर अवलंबून असते. म्हणून कायद्याने या संस्थांच्या कारभारात हिशोबाला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

इतिहास

भारतातील सहकाराची कायदेशीर सुरुवात १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने झाली. त्या कायद्यात केवळ पतपुरवठा करणाऱ्या संस्थांचा विचार होता. १९१२ च्या सुधारित कायद्यामुळे इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. मुंबईत गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये नोंदली गेली. देशातील आरंभीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये तिची गणना होते. रावबहादूर तालमकी यांनी या चळवळीचा पाया घातला. १९२५ मध्ये मुंबई प्रांतासाठी स्वतंत्र सहकारी संस्था कायदा झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्याची जागा १९६० च्या अधिनियमाने घेतली व तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला.

पुण्यातील गृहनिर्माण सहकाराला पानशेतच्या पुराने वेगळे वळण दिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. बेघर झालेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी शहराच्या निरनिराळ्या भागांत वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांतील अनेक वसाहतींचा कारभार पूरग्रस्तांच्या सहकारी संस्थांकडे आला. पुढे शहर चहूबाजूंनी वाढले आणि बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती व मोठी गृहसंकुले आली. संस्थांचे वार्षिक व्यवहार काही हजारांवरून काही लाखांवर, तर मोठ्या संकुलांत कोटींवर गेले. वहीत जमाखर्च लिहिणारा हौशी सचिव या व्यवहारास अपुरा पडू लागला.

कायदेशीर चौकट

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्काचा उल्लेख राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आला. तिच्या अनुषंगाने महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपल्या अधिनियमात व्यापक बदल केले. लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार अधिमंडळाकडे गेला, हिशोबाच्या मुदती बांधल्या गेल्या आणि वार्षिक विवरणपत्रे सक्तीची झाली. घटनादुरुस्तीचा राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी अवैध ठरवला. तथापि राज्याच्या अधिनियमातील तरतुदी कायम राहिल्या.

गृहनिर्माण संस्था आणि साखर कारखाना किंवा सहकारी बँक यांना एकाच मापाने मोजणे गैरसोयीचे आहे, अशी तक्रार अनेक वर्षे होती. २०१९ च्या सुधारणेने अधिनियमात 'प्रकरण तेरा-ब' घालून केवळ गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ ब-१ ते १५४ ब-३१ ही कलमे आणली. या कलमांत ज्या विषयांची तरतूद नाही, त्यांपैकी लेखापरीक्षण व चौकशी यांसारख्या बाबींना मूळ अधिनियमातील कलमे लागू पडतात.

दैनंदिन कारभाराचे नियम उपविधींत असतात. सहकार खात्याने तयार केलेले आदर्श उपविधी, त्यांतही २०१४ चे, बहुतेक संस्थांनी स्वीकारले आहेत. एखादी वर्गणी कशी आकारावी, खर्चाचा अधिकार कोणाला किती, रोख रक्कम किती जवळ ठेवावी, या प्रश्नांची उत्तरे प्रथम संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींत शोधावी लागतात.

जबाबदारीची रचना

अधिमंडळ: सर्व सभासद मिळून अधिमंडळ होते. अधिनियमाच्या कलम ७२ नुसार संस्थेची अंतिम सत्ता अधिमंडळाकडे असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक बैठक घेणे कलम ७५ नुसार बंधनकारक आहे. या बैठकीची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. लेखापरीक्षित हिशोब, वार्षिक अहवाल, मागील लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल, शिलकीच्या विनियोगाची योजना आणि पुढील वर्षाचे अंदाजपत्रक हे या बैठकीपुढील प्रमुख विषय असतात. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी असते.

व्यवस्थापक समिती: अधिमंडळाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या समितीची मुदत पाच वर्षांची असते. समितीने घेतलेल्या निर्णयांबद्दल आणि संस्थेच्या हिताला बाधक ठरणाऱ्या कृती वा हयगयीबद्दल तिचे सदस्य संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. 'सही सचिवाने केली, मला माहीत नव्हते' हा बचाव त्यामुळे दुबळा ठरतो. एखाद्या निर्णयाशी सहमत नसलेल्या सदस्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

पदाधिकारी: अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही तीन मुख्य पदे होत. बँक खात्यावरील व्यवहार एकट्याच्या सहीने न होता संयुक्त सह्यांनी व्हावेत, हे तत्त्व उपविधींत आहे. खर्चास मंजुरी देणारा, पैसे अदा करणारा आणि हिशोब लिहिणारा या भूमिका शक्यतो वेगवेगळ्या व्यक्तींकडे असाव्यात, हे लेखाशास्त्रातील सर्वमान्य तत्त्व येथेही लागू पडते.

निधी आणि वर्गणी

संस्थेचे मासिक देयक ही एकच रक्कम दिसत असली, तरी तिच्यात भिन्न हेतूंसाठीचे पैसे असतात. त्यांतील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे:

सेवाशुल्क: पहारेकरी, सफाई, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च इत्यादींसाठीचे हे शुल्क आदर्श उपविधींनुसार सर्व सदनिकांना सारखेच असते. सदनिका लहान की मोठी, याचा त्याच्याशी संबंध नसतो. उद्वाहनाचा खर्चही समान वाटला जातो.

पाणीपट्टी: सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांच्या प्रमाणात.

दुरुस्ती व देखभाल निधी: सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के.

सिंकिंग फंड किंवा निक्षेप निधी: जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के. हा निधी इमारतीची पुनर्बांधणी, संरचनात्मक बदल व मोठ्या दुरुस्त्या यांसाठी राखलेला असतो. वास्तुविशारदाचा अभिप्राय व अधिमंडळाचा ठराव यांच्याखेरीज त्याला हात लावता येत नाही.

बिनभोगवटा शुल्क: सदनिका भाड्याने दिली असल्यास सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के. ही मर्यादा शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने घातली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये माँट ब्लाँक संस्थेच्या प्रकरणात ती वैध ठरवली.

हस्तांतर अधिमूल्य: सदनिकेच्या विक्रीच्या वेळी कमाल २५,००० रुपये. याहून अधिक रक्कम देणगी, विकासनिधी अशा कोणत्याही नावाने सक्तीने घेता येत नाही.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. समजा, ४० सदनिकांच्या एका इमारतीत प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च १० लाख रुपये आहे. मग प्रत्येक सदनिकेमागे सिंकिंग फंडासाठी वर्षाला २,५०० रुपये आणि दुरुस्ती निधीसाठी ७,५०० रुपये जमा व्हायला हवेत. संपूर्ण संस्थेचा सिंकिंग फंड वर्षाला १ लाख आणि दुरुस्ती निधी ३ लाख रुपये होतो. वीस वर्षांत केवळ सिंकिंग फंडाची मुद्दल २० लाख रुपये होते. व्याज त्याहून वेगळे. ताळेबंदात ही रक्कम निधीच्या बाजूला दिसत असेल, तर तेवढ्याच रकमेच्या ठेवी गुंतवणुकीच्या बाजूला दिसल्या पाहिजेत. निधी २० लाखांचा आणि ठेवी ४ लाखांच्या, असे चित्र असल्यास उरलेले १६ लाख चालू खर्चात वापरले गेले असण्याची शक्यता असते. सामान्य सभासदाला ताळेबंद वाचताना करता येण्याजोगी ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयुक्त तपासणी आहे.

संस्थेचा पैसा कोठे गुंतवावा हे कलम ७० ठरवते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, राज्य सहकारी बँक आणि कायद्याने मान्य केलेले इतर मार्ग यांच्या बाहेर, जादा व्याजाच्या आशेने केलेली गुंतवणूक समितीला अंगलट येऊ शकते.

हिशोबाची पुस्तके

रोकडवही, खतावणी, सभासदांची वैयक्तिक खाती, सिंकिंग फंड नोंदवही, गुंतवणूक नोंदवही, मालमत्ता नोंदवही, लेखापरीक्षण दोषदुरुस्ती नोंदवही, 'आय' नमुन्यातील सभासद नोंदवही, 'जे' नमुन्यातील सभासद यादी तसेच समिती व अधिमंडळाच्या सभांची इतिवृत्ते ही संस्थेने ठेवायची महत्त्वाची दप्तरे होत. प्रत्येक खर्चामागे प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, मूळ देयक आणि मंजुरीचा ठराव असावा लागतो.

पुण्याच्या अनेक उपनगरांत उन्हाळ्यात, आणि काही भागांत वर्षभर, टँकरने पाणी घ्यावे लागते. प्रमाणकाचे महत्त्व अशा खर्चात विशेष जाणवते. टँकरच्या देयकावरील खेपांची संख्या आणि प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याच्या वहीतील नोंदी जुळतात का, हे पाहणे ही साधी अंतर्गत तपासणी होय. जनित्राचे डिझेल, बागकाम, कीटकनाशक फवारणी यांसारख्या वारंवार होणाऱ्या लहान खर्चांनाही हाच न्याय लागू पडतो. एकेक देयक किरकोळ असते, परंतु वर्षअखेरीस त्यांची बेरीज मोठ्या दुरुस्तीइतकी होऊ शकते.

आता देयके व पावत्या संगणकप्रणालीतून किंवा मोबाइल ॲपमधून निघतात. त्यामुळे बेरजेच्या चुका कमी झाल्या. परंतु प्रणालीचा पासवर्ड, हिशोबाची प्रत आणि बँकेच्या व्यवहाराचे अधिकार एकाच व्यक्तीकडे राहिल्यास पदाधिकारी बदलताना संस्थेचे दप्तर अडकून पडते. संस्थेची रक्कम पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात किंवा त्याच्या यूपीआय क्रमांकावर स्वीकारणे, मग ते तात्पुरते व सद्भावनेने का असेना, हा गंभीर दोष ठरतो.

लेखापरीक्षण

कलम ८१ नुसार प्रत्येक संस्थेचे वैधानिक लेखापरीक्षण वर्षातून एकदा होणे आवश्यक आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, ते पूर्ण होणे अपेक्षित असते. लेखापरीक्षक शासनमान्य नामिकेतील असावा लागतो. नामिकेत सनदी लेखापाल तसेच सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका, म्हणजे जी. डी. सी. अँड ए., धारण करणारे प्रमाणित लेखापरीक्षक असतात. त्याची नेमणूक समिती नव्हे, तर अधिमंडळ करते. एकाच लेखापरीक्षकाला त्याच संस्थेचे काम सलग तीन वर्षांपेक्षा अधिक काळ देता येत नाही. नेमणुकीची माहिती निबंधकाला वेळेत कळवली नाही, तर निबंधक स्वतः नामिकेतून लेखापरीक्षक नेमू शकतो.

लेखापरीक्षकाने आपला अहवाल संस्थेला व निबंधकाला सादर करायचा असतो आणि वार्षिक बैठकीची सूचना निघण्यापूर्वी तो तयार असावा लागतो. हिशोबासंबंधी एखाद्या व्यक्तीने गुन्हा केल्याचे त्याच्या निदर्शनास आले, तर त्याने निबंधकाकडे विशेष अहवाल पाठवायचा आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने प्रथम खबर, म्हणजे एफ.आय.आर., नोंदवायची, अशी तरतूद २०१३ पासून आहे. हे कर्तव्य टाळणारा लेखापरीक्षक स्वतःच कारवाईस पात्र होतो आणि त्याचे नाव नामिकेतून कमी होऊ शकते.

लेखापरीक्षणात दाखवलेले दोष दूर करणे हे कलम ८२ नुसार समितीचे काम आहे. अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत 'ओ' नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल निबंधकाकडे जायला हवा. व्यवहारात मात्र दरवर्षी तेच आक्षेप त्याच शब्दांत पुन्हा येत राहतात, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. मागील तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचल्यास ही पुनरुक्ती सहज ध्यानात येते.

वैधानिक लेखापरीक्षण आणि इमारतीचे संरचनात्मक परीक्षण यांत गल्लत होऊ नये. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. दोन्हींचा संबंध असा की, अभियंत्याने सुचवलेल्या दुरुस्तीसाठी पैसा आहे की नाही, हे पहिल्या परीक्षणावरून कळते.

सभासदांचे अधिकार

कलम ३२ आणि गृहनिर्माण संस्थांसाठीचे कलम १५४ ब-८ यांनी सभासदाला दप्तर पाहण्याचा हक्क दिला आहे. अधिनियम, नियम व उपविधी यांच्या प्रती, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, समिती सदस्यांची यादी, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी तो पाहू शकतो. ठरलेले शुल्क भरून प्रतीही मागू शकतो. अशी मागणी लेखी करून पोहोच घेणे इष्ट असते, कारण पुढे निबंधकाकडे दाद मागताना तीच पुरावा ठरते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ थेट गृहनिर्माण संस्थांना लागू होतो का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. केरळमधील थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, शासनाचे भरीव साहाय्य वा नियंत्रण नसलेल्या सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाहीत. परंतु निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. त्याच्याकडे असलेली किंवा कायद्याने तो संस्थेकडून मागवू शकेल अशी माहिती त्याच्यामार्फत मागता येते.

एक-पंचमांश सभासद लेखी मागणी करून विशेष बैठक बोलावण्यास समितीला भाग पाडू शकतात. ४० सभासदांच्या संस्थेत त्यासाठी केवळ ८ सह्या पुरतात.

चौकशी आणि वसुली

गैरव्यवहाराचा संशय असल्यास अधिनियमाने निरनिराळे मार्ग दिले आहेत. कलम ८३ नुसार निबंधक स्वतः होऊन, एक-पंचमांश सभासदांच्या अर्जावरून किंवा लेखापरीक्षकाच्या विशेष अहवालावरून संस्थेची चौकशी करू शकतो. कलम ८९-अ खाली तो कामकाजाची तपासणी करू शकतो. दप्तर नष्ट होण्याची भीती असल्यास कलम ८० नुसार ते ताब्यात घेता येते. लेखापरीक्षण, चौकशी किंवा तपासणी यांतून संस्थेचे नुकसान झाल्याचे दिसून आले, तर कलम ८८ नुसार संबंधितांवर जबाबदारी निश्चित करून ती रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश देता येतो. रक्कम हेतुपुरस्सर लाटलेली असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधील फौजदारीपात्र न्यासभंगाची तरतूदही लागू होऊ शकते.

निबंधकाकडे करायची तक्रार आणि सहकारी न्यायालयात कलम ९१ खाली दाखल करायचा वाद यांतील भेद समजून घ्यावा लागतो. दप्तर न दाखवणे, बैठक न घेणे, विवरणपत्रे न देणे या गोष्टी सामान्यतः निबंधकाच्या कक्षेत येतात. एखादा ठराव किंवा आकारणी बेकायदा आहे, असा सभासद व संस्था यांच्यातील वाद सहकारी न्यायालयाकडे जातो. चुकीच्या दारी गेल्यामुळे वर्षे वाया गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पुणे शहरासाठी विभागवार उपनिबंधकांची कार्यालये असून तक्रार आपल्या विभागाच्या कार्यालयात द्यावी लागते.

थकबाकी

उत्तरदायित्व केवळ समितीचे नसते. देयक मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो. थकबाकीवर कमाल २१ टक्के सरळव्याज आकारता येते, चक्रवाढ नव्हे. ३०,००० रुपयांच्या थकबाकीवर वर्षाचे सरळव्याज ६,३०० रुपये होते. तेच दरमहा चक्रवाढ पद्धतीने लावल्यास सुमारे ६,९४० रुपये होते. संगणकप्रणालीत चुकीचा पर्याय निवडला गेल्यामुळे ही जादा आकारणी नकळत होऊ शकते. वसुलीसाठी संस्था कलम १५४ ब-२९ नुसार निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते आणि त्याआधारे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल होते. थकबाकीदाराचे पाणी किंवा वीज तोडणे हा मात्र कायदेशीर मार्ग नाही.

कर

सभासदांनी आपल्याच सोयीसाठी एकत्र केलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, या परस्परतेच्या तत्त्वामुळे सभासदांकडून मिळणाऱ्या वर्गणीवर आयकर लागत नाही. बिनभोगवटा शुल्क व हस्तांतर अधिमूल्य यांनाही हे तत्त्व लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये व्यंकटेश प्रिमायसेस संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले. मोबाइल मनोऱ्याचे भाडे किंवा बँकेतील ठेवींवरील व्याज हे बाहेरून येणारे उत्पन्न असल्याने त्याचा विचार वेगळा होतो. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत प्रति सभासद दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला सूट आहे. ही मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये ५,००० रुपयांवरून वाढवण्यात आली.

अपार्टमेंट

पुण्यात सहकारी संस्थेप्रमाणेच 'अपार्टमेंट' हा प्रकारही मोठ्या प्रमाणावर आढळतो. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र नोंदवून अशी व्यवस्था उभी राहते. येथे प्रत्येक मालकाचा सामाईक क्षेत्रातील अविभक्त हिस्सा टक्केवारीत ठरलेला असतो आणि सामाईक खर्चही त्याच प्रमाणात वाटला जातो. त्यामुळे मोठ्या सदनिकेचा मालक अधिक वर्गणी देतो. सहकारी संस्थेतील समान सेवाशुल्काच्या अगदी उलट अशी ही पद्धत आहे. पुण्यातील ट्रेझर पार्क संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच तत्त्व मान्य केले. आपली इमारत 'सोसायटी' आहे की 'अपार्टमेंट', हे न पाहताच अनेक वाद सुरू होतात. नोंदणी प्रमाणपत्र किंवा घोषणापत्र पाहिल्यास या प्रश्नाचा उलगडा होतो.

पुनर्विकास

जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय होतो. म्हणून शासनाने कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी मार्गदर्शक निर्देश दिले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारित निर्देश काढले. निविदा मागवणे, प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, विकासकाची निवड निबंधकाच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत करणे, सभेचे चित्रीकरण आणि विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी देणे, या बाबी त्यांत आहेत. समितीतील सदस्य किंवा त्यांचे नातेवाईक विकासकाशी हितसंबंधाने जोडलेले नसावेत, हाही या निर्देशांचा रोख आहे. विकासकाकडून मिळणारा कॉर्पस निधी आणि पर्यायी घराचे भाडे यांचा हिशोब करारातच स्पष्ट असणे आवश्यक असते.

वारंवार आढळणारे दोष

लेखापरीक्षणात सामान्यतः पुढील दोष दिसतात: निविदा किंवा तुलनात्मक दरपत्रके न मागवता दिलेली कामे, अधिमंडळाच्या मंजुरीआधीच झालेला मोठा खर्च आणि नंतर घेतलेली कार्योत्तर मंजुरी, राखीव निधीतून भागवलेला चालू खर्च, मुदत संपूनही नूतनीकरण न झालेल्या ठेवी, समिती सदस्यांचीच थकबाकी, प्रमाणकांविना रोख खर्च, आणि नव्या समितीला दप्तर सुपूर्द न करणे. यांतील प्रत्येक दोष अप्रामाणिकपणामुळेच होतो असे नाही. अज्ञान, वेळेचा अभाव आणि 'आपलीच माणसे आहेत' हा विश्वास हीदेखील कारणे असतात. मात्र कागद नसल्यास प्रामाणिक पदाधिकाऱ्यालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. हिशोबाची शिस्त सभासदांप्रमाणे पदाधिकाऱ्यांचेही रक्षण करते ते या अर्थाने.

मर्यादा

कायद्याची चौकट तपशीलवार असली, तरी तिची अंमलबजावणी असमान आहे. एका उपनिबंधक कार्यालयाकडे मोठ्या संख्येने संस्था असतात. चौकशी व अपिले यांत बराच काळ जातो आणि तोवर समितीची मुदतही संपलेली असते. दुसरीकडे, निनावी आरोप आणि वैयक्तिक हेव्यादाव्यांतून होणाऱ्या तक्रारींमुळे काम करू इच्छिणारे रहिवासी समितीत येण्यास कचरतात. निवडणुकीला उमेदवार न मिळणे आणि त्यामुळे तीच माणसे वर्षानुवर्षे पदावर राहणे ही लहान संस्थांतील नित्याची अडचण आहे.

सर्वांत मोठी उणीव अधिमंडळाच्या उपस्थितीत दिसते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि ठरलेल्या वेळी पुन्हा भरल्यावर उपस्थित असतील तेवढ्यांच्या संमतीने लाखो रुपयांचे हिशोब मंजूर होतात. घराच्या खरेदीत आयुष्याची कमाई घातलेली निवृत्त माणसे आणि दूरदेशी राहणारे मालक यांना याचा फटका सर्वाधिक बसतो, कारण छत गळू लागल्यावर किंवा उद्वाहन बंद पडल्यावर निधी रिकामा असल्याचे त्यांना कळते. सभासदांच्या प्रशिक्षणासाठी आदर्श उपविधींत शिक्षण व प्रशिक्षण निधीची तरतूद आहे. पुणे जिल्हा सहकारी गृहनिर्माण संस्था व अपार्टमेंट महासंघासारख्या शिखर संस्था मार्गदर्शन करतात. सहकारी व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण देणारी वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थाही पुण्यातच आहे. असे असूनही अंतिम देखरेख वार्षिक बैठकीस येऊन ताळेबंद वाचणाऱ्या आणि प्रश्न विचारणाऱ्या सभासदावरच अवलंबून राहते.

हेही पाहा

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०
महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३
महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०
मानीव अभिहस्तांतरण
लेखापरीक्षण
पानशेत पूर
भारतातील सहकारी चळवळ